ओवी का रडली

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी
५ मे

शहनाझ,

मायन्यात काय लिहावं ते सुचेना म्हणून नुसतं नाव लिहिलं. 'प्रिय' लिहिलं असतं तर म्हणाली असतीस, झाली ताईंची लाडीगोडी सुरू.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतेस, पण बोलत नाहीस. शेवटी चारुदत्तने तुमच्या शारजाच्या दुकानाचा पोस्ट बॉक्स नंबर एका जुन्या बिलावरून शोधून दिला. इथे पोस्टमन घरी येत नाही हे एका परीने बरंच. दुकानात पत्र येईल, कमरुद्दीनभाई म्हणतील 'अबू धाबीच्या ताईंचं आलंय', आणि तुला ते हातात घ्यावं लागेल. भाई, पाकीट तुम्ही उघडलं असेल तर कृपा करून इथेच मिटा.

तू शारजाला, अल मजाजला जाऊन सुटलीस. केजीची सुपरवायझर म्हणून सगळं निस्तरते आहे ती मी. तुझ्या वर्गावर अजून कायमची टीचर नाही, आज मीच अर्धा दिवस उभी होते. पायांचे तुकडे पडलेत.

तुला माझा राग आलाय ते कळतं मला. पण मलाही तुझा आलाय आणि तो मी आधी सांगणार. तू म्हणशील, मी तिथेच होते, मला काय सांगता. तू वर्गाच्या आत होतीस, बाई. बाहेरून कसं दिसत होतं ते ऐक.

एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली आणि केजी-वन सीला नवी टीचर आली. युगांडाची, मिस प्रॉसी. पहिल्याच सकाळी माझी नात ओवी तिला बघून किंचाळली, टेबलाखाली शिरली आणि तिथून पळताना कडेवर आपटून ओठ फोडून बसली. दुपारपर्यंत पेरेंट्सच्या ग्रुपवर त्याचं 'टीचरने मुलीला मारलं' झालं होतं. ओठाचा फोटो टाकणारी कोण, तर माझीच मुलगी आभा. मग काय, रोज नवा अर्ज, आमच्या मुलाचा सेक्शन बदला. खरं कारण कुणी लिहीत नव्हतं. 'बाळ घाबरतं', 'बाळ ॲडजस्ट होत नाही'. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, उर्मिला, वाद नको, हलवा मुलं. मी हलवली. सगळी तुझ्या बीमध्ये आली.

आणि तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी त्या पोरांची आगगाडी केलीस, पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात, आणि स्वतःच्या वर्गासकट सगळी पलटण प्रॉसीच्या दारात नेलीस. जमिनीवर मांडी घालून बसलीस. "आज दोन्ही वर्ग एकत्र," म्हणालीस. मी तुला बाहेर बोलावलं. आलीस, खाली मान घालून ऐकलंस, 'हो ताई' म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आवाज चढवला तेव्हा काय म्हणालीस ते मला पाठ आहे. "मी भांडणार नाही ताई, पण ऐकणारही नाही." मेमो आला तर शुक्रिया म्हणून सही केलीस, आणि पुन्हा आगगाडी. मॅडमनी सांगितलं, राजीनामा द्या नाहीतर काढावं लागेल. तू राजीनामासुद्धा दिला नाहीस. काढायला लावलंस.

अगं, तू भांडली असतीस तर मी मध्ये पडून काहीतरी मिटवलं असतं. भांडणाऱ्यांशी मला वागता येतं, तीस वर्षं तेच करते आहे.

तुझं काय, तू भाईंच्या, नवऱ्याच्या व्हिसावर. प्रॉसीचा व्हिसा शाळेचा आहे. आणि चारुदत्त रिटायर झाल्यापासून तो माझ्या व्हिसावर आहे, हेही तू लक्षात घेतलं नाहीस.

प्रॉसीला सध्या मुसफ्फाहून येणाऱ्या शाळेच्या बसवर अटेंडंट म्हणून ठेवलंय. तात्पुरतं आहे.

उत्तर दे.

उर्मिला


१७ मे

शहनाझ,

उत्तर नाही. ठीक आहे. मला गप्प राहणाऱ्या माणसांचा फार त्रास होतो हे तुला माहीत आहे, म्हणूनच करतेस का हे?

मागचं पत्र टाकल्यावर मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

प्रॉसीबद्दल सांगते. सकाळी बस गेटवर लागली की ती आधी उतरते आणि पोरांना एकेक करून उतरवते. प्रत्येकाला नावाने गुड मॉर्निंग. तिच्या वर्गातून हलवलेल्या पोरांनाही. पोरं उत्तर देतात, गेटवर उभ्या असलेल्या आया फोनमध्ये बघतात. रोज. तिने एकदाही चुकवलेलं नाही. तुझ्याइतकीच चिवट आहे. पण तुझ्यासारखी गोड बोलत नाही. परवा मला गेटवर अडवलंन. इंग्रजीत बोलली, मी मराठीत लिहिते. म्हणाली, "मॅम, ती मुलगी का रडली? मी फक्त हात पुढे केला होता. कुणाला तरी माहीत असणार."

मी म्हटलं, "किड्स क्राय, डिअर." आणि स्टाफरूमकडे चालू लागले. पाठीत तिची नजर लागत होती.

तुला तो शुक्रवार आठवतोय हे मला माहीत आहे. तू सांदणं घेऊन आली होतीस. ओवी जेवत नव्हती, मी तिला कडेवर घेऊन बाल्कनीत फिरवत होते. समोरच्या इमारतीच्या दारात तो आफ्रिकन गार्ड उभा असतो ना, त्याच्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, "तो बघ काळा बुवा. बघतोय हं. घास संपव, नाहीतर घेऊन जाईल." त्या बिचाऱ्याला वाटलं आम्ही त्याच्याकडे बघून हात करतोय. त्याने हात हलवला. ओवीने घास गपकन गिळला. मी तुला म्हटलं, बघ, कसा रामबाण उपाय.

तू म्हणालीस, "त्याला मराठी कळत नाही म्हणून बरंय, ताई."

मी हसले होते. मला वाटलं तू चेष्टा करतेस.

हे एका शुक्रवारचं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. ओवी दोन वर्षांची झाल्यापासून आभा तिला मी शाळेतून आल्यावर माझ्याकडे ठेवते, आणि दुपारचा वरणभात आणि संध्याकाळची खिचडी मी त्या माणसाच्या जिवावर भरवली आहे. माझ्या आईने मला बागुलबुवा दाखवला, आजीने आईला. आमचा बुवा चिपळूणला माळ्यावर राहायचा, त्याला नाकडोळे काही नव्हते, मोठं झाल्यावर तो आपोआप गेला. इथे फ्लॅटला माळा नाही. मी त्याला एका माणसाचा चेहरा दिला.

म्हणून प्रॉसी वाकली आणि तिने हात पुढे केला तेव्हा ओवीला काय दिसलं ते मला त्याच क्षणी कळलं. मी दारात उभी होते. तू शेजारच्या वर्गातून धावत आलीस, मॅडम आल्या. मॅडमनी मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. ते उत्तर तू ऐकलंस. ते मला इथे लिहवत नाही.

पण तू तरी का नाही बोललीस, शहनाझ? तुलाही सगळं माहीत होतं. मला एकटीलाच कशाला धरतेस?

उर्मिला


३१ मे

शहनाझ,

तुझी चिठ्ठी मिळाली. भाईंनी अबू धाबीला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली, वर खजुराचा डबा. एवढं भांडण चालू असताना खजूर पाठवणारी तूच.

चिठ्ठी इतक्यांदा वाचली की तुझी वाक्यं मला पाठ झाली. 'ताई, त्या दिवशी मी बोलले असते तर तुम्ही नाकारलं असतंत. एकदा सगळ्यांसमोर नाकारलं की माणसाला मागे फिरता येत नाही. मी तुम्हाला फिरायला जागा ठेवली. बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही, कारण दिवस प्रॉसीचे जात आहेत. घाई करा.'

शहनाझ, ती चिठ्ठी वाचून मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले. चारुदत्तला वाटलं कांदा.

घाई करण्यासारखंच आहे. प्रॉसीचं प्रोबेशन चालू आहे. मॅडमना हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मिटवायचंय. काल मला केबिनमध्ये बसवून म्हणाल्या, "मुलीला घाबरवलं, हे तुमच्यासमोर झालं. तुम्ही तेवढं म्हणालात की काँट्रॅक्ट संपवता येईल. क्लीन होईल." काँट्रॅक्ट संपलं की व्हिसा कॅन्सल. प्रॉसीला परत जावं लागेल, आणि मुलाला घाबरवणारी टीचर म्हणून जावं लागेल. तो शेरा लागल्यावर तिला लहान मुलांच्या वर्गात कोण उभं करेल?

मी म्हटलं, मॅडम, विचार करून सांगते. मॅडम म्हणाल्या, यात विचार काय करायचा?

चारुदत्तला मी सगळं सांगितलं, बुवासकट. तो म्हणाला, "मग सांगून टाक की."

"माझी नोकरी गेली तर तुझाही व्हिसा जातो."

"गेला तर गेला. ठाण्याचा फ्लॅट बंद आहे, पंखे पुसायचे तेवढे." पुरुषांना सगळं सोपं असतं. मी त्याला म्हटलं, आणि ओवी? तेव्हा मात्र त्याने पेपर उघडला.

खरं सांगू? मला नोकरीपेक्षा आभाची भीती वाटते. ग्रुपवर सगळ्यात जास्त तीच लिहिते. 'अशा लोकांना लहान मुलांच्या जवळ ठेवतातच कसे' हे तिचं वाक्य आहे. ते वाचून मला धक्का बसला होता, पोरीने हे कुठून आणलं म्हणून. कुठून आणणार? मीच तर वाढवलीय तिला.

आणि माझी गंमत ऐक. मी स्वतः कुठे गोरी आहे? मला पाहायला आलेल्या पहिल्या स्थळाने निरोप पाठवला होता, मुलगी हुशार आहे पण उजळ हवी होती. चारुदत्तशी लग्न ठरल्यावर हळदीच्या दिवशी आत्या म्हणाली, हिला जरा जास्तच चोळा गं. सगळ्या हसल्या. तेव्हा मी चुलीमागे जाऊन रडलेली बाई आहे. मला हे कळायला हवं होतं, सगळ्यांत आधी मला.

ईदच्या सुट्टीनंतर शाळेत ग्रँडपेरेंट्स डे आहे. सगळे आईबाप, आजीआजोबा येतात. आजी म्हणून दोन शब्द बोलायला मॅडमनी मलाच सांगितलंय. तिथे बोलेन. ठरलं.

उर्मिला


१२ जून

शहनाझ,

ईद मुबारक, उशिराने. यंदा ईदला तुमच्याकडचं मटण नव्हतं. चारुदत्त दोनदा म्हणाला.

मी सांगितलं. परवा, हॉल भरलेला असताना, माइकवर.

सगळं मनासारखं झालं. मी पैठणी नेसले होते. ओवी पहिल्या रांगेत आभाच्या मांडीवर होती. मी म्हटलं, आम्ही आज्या लबाड असतो, नातवंडांना जेवू घालायला काय काय सोंगं करतो. मग बाल्कनीचं सांगितलं, गार्डचं, त्याने हात हलवल्याचं, ओवीने घास गिळल्याचं. म्हटलं, या मुलांच्या डोक्यात भीती आपणच घालतो, आणि मग वाटतं कुणी दुसऱ्याने घाबरवलं.

हॉल हसला. आधी थोडा, मग सगळाच. एक आजी मोठ्याने म्हणाली, "अय्या, आमच्याकडेपण तोच बुवा." एक आजोबा उभे राहून म्हणाले, हमारे यहाँ भी चलता है मॅडम, सबके यहाँ चलता है. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर बायका येऊन हात दाबून म्हणाल्या, मॅम, सो क्यूट. मॅडम म्हणाल्या, ब्यूटिफुल स्पीच. आभाने फोनवर शूट केलं होतं, ते तिने ग्रुपवर टाकलं. खाली लाल बदाम आले.

घरी येऊन मी पैठणीची घडी घातली आणि चारुदत्तला म्हटलं, सुटले बाई एकदाची. त्याने चहा पुढे ठेवला आणि म्हणाला, "प्रॉसी होती का हॉलमध्ये?"

नव्हती. ती मुसफ्फाच्या बसबरोबर गेली होती. आणि माझ्या अख्ख्या भाषणात तिचं नाव नव्हतं.

मी सांगितलं, पण मी काही सांगितलं नाही, शहनाझ. जे खुपत होतं त्याचा विनोद केला आणि टाळ्या घेऊन घरी आले. ज्या माणसाला दोन वर्षं बुवा म्हटलं त्याच्यावर परवा अख्ख्या हॉलला हसवलं. म्हणजे आता तो दोनदा बुवा झाला. आणि ज्या वाक्याने प्रॉसी वाचली असती तेवढं एक मी गाळलं.

ते आता लिहिते. त्या सकाळी टेबलाखालून ओवी 'बुवा, बुवा' ओरडत होती. मॅडमना मराठी येत नाही. त्यांनी मला विचारलं, "ती काय म्हणतेय?" वर्गात ते कळणारी मोठी माणसं दोनच, तू आणि मी. मी म्हटलं, "काही नाही मॅडम, नॉनसेन्स वर्ड आहे. मुलगी शॉकमध्ये आहे."

शॉकमध्ये. हा शब्द मी दिला. तिथून पुढे जे झालं ते या शब्दावरून झालं. प्रॉसी तिथेच उभी होती, हात अजून तसाच अर्धवट पुढे, आणि माझ्याकडे बघत होती, कारण मी त्या मुलीची भाषा जाणणारी होते. तिला वाटलं असणार, ही सांगेल.

माझी मला शिसारी येते.

उर्मिला


१५ जून

शहनाझ,

आज थोडक्यात लिहिते.

आभा जेवायला आली होती. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, या वेळी गोष्ट म्हणून नाही. ओवी काय ओरडली, मॅडमनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. प्रॉसीने काहीही केलं नाही हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

आभाचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाली, "आई, मी तो फोटो टाकला. त्या बाईबद्दल मी काय काय लिहिलं. आणि तू रोज माझ्यासमोर बसून भात कालवत होतीस."

मी म्हटलं, हो.

"मला थांबवलं का नाहीस?"

म्हटलं, तू माझ्यावर चिडशील म्हणून. ती हसली, फार वाईट हसली. "आणि आता नाही चिडणार?"

ओवी तिथेच खेळत होती. तिने विचारलं, "आजी, सो बुवा इज नॉट रिअल?"

"नाही गं. तो गार्ड अंकल आहे. चांगला माणूस आहे. आजी खोटं बोलली."

"यू लाइड एव्हरी डे?"

"रोज."

तिने थोडा विचार केला. "ओके. देन आय डोन्ट वॉन्ट राइस." आणि ताट सरकवून खेळायला गेली. आभा तिला घेऊन निघून गेली. उद्यापासून दुसरी सोय बघते म्हणाली.

त्यानंतर मी फोन घेतला आणि पेरेंट्सच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली. हिंदीत. सांगितलं की ओवी माझी नात आहे, ती माझ्या शिकवणीमुळे घाबरली, मिस प्रॉसीने तिला हातही लावला नाही, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत असून मी प्रिन्सिपलना खोटं सांगितलं. मिस शहनाझला जे काढलं तेही चूक होतं. विनोद एकही केला नाही.

या वेळी बदाम आले नाहीत. कुणीतरी लिहिलं, मॅम प्लीज डिलीट. मी नाही डिलीट केली. थोड्या वेळाने आभाने ओठाचा फोटो काढून टाकला आणि खाली लिहिलं, 'माझ्या आईचं खरं आहे. मी मिस प्रॉसीची माफी मागते.' मला फोन मात्र केला नाही.

मॅडमचा फोन आला. आवाज अगदी शांत. "उद्या केबिनमध्ये भेटू."

उर्मिला


२५ जून

शहनाझ,

सुपरवायझर उर्मिलाबाई संपल्या. या महिनाअखेरपर्यंतचा पगार आणि नमस्कार. व्हिसाची मुदत संपली की ठाण्याचे पंखे पुसायला जायचं. मॅडम वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मी खोट्यासाठी काढत नाही, ग्रुपवर टाकलंत त्यासाठी काढते, आधी माझ्याकडे यायचं होतं. मी म्हटलं, तुमच्याकडे आले असते तर तुम्ही ते क्लीन केलं असतंत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जवळजवळ तुझ्यासारखं वाटलं. जवळजवळ.

तुला परत घ्यायचं म्हटलं तर त्यांनी विषय बदलला. ते मला जमलं नाही.

प्रॉसीवरची तक्रार मागे घेतली आहे. वर्ग परत दिला आहे, पण ज्यांचे आईबाप हो म्हणतील तेवढीच मुलं. म्हणजे चार-पाच टाळकी.

वर्ग मिळायच्या आदल्या दिवशी मी तिला भेटायला बसच्या शेडपाशी गेले होते. उन्हात उभी होती. मी माफी मागितली. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "मॅम, त्या रात्री मी आईला फोन केला. तिला म्हटलं, मला वाटतं माझा आवाज फार मोठा आहे, मुलं घाबरतात. एप्रिलपासून मी हळू बोलतेय. घरीसुद्धा."

"तुम्ही बोललात ते बरं केलंत," म्हणाली. "पण मी तुम्हाला माफ केलंय असं धरून चालू नका. मला अजून राग आहे. तो कधी जाईल ते मी बघेन, तुम्ही विचारायला येऊ नका." आणि पोरं उतरवायला वळली.

शहनाझ, कुणी मला इतकं नीट कधी वागवलं नव्हतं. तू माझ्यावर दया केलीस, हिने तीही केली नाही.

ओवीला आभा स्वतः वर्गात पाठवते आहे, पण ओवी दारातच पाय रोवते. डोक्याला कळलं की बुवा खोटा, पोटाला कळायला वेळ लागतो. लहान मुलांबरोबर घरच्या माणसाला थोडे दिवस वर्गात बसता येतं, तो नियम मीच केला होता. मॅडमना विचारलं. आता सुपरवायझर नाही, पण आजी तर आहे ना? त्यांनी खांदे उडवले. आभा गेटपर्यंत ओवीला आणते, तिचा हात माझ्या हातात देते आणि माझ्याशी न बोलता निघून जाते. एवढं देते तेच पुष्कळ आहे.

म्हणून रोज सकाळी मी प्रॉसीच्या वर्गात जमिनीवर बसते. गुडघे बोलतात. ओवी पदर घट्ट धरून बसते. पहिल्या दिवशी रडली. नंतर माझ्या पाठीआडून बघत बसली. काल तिने क्ले घेतला, प्रॉसीच्या हातून नाही, टेबलावरून, पण प्रॉसी टेबलाजवळ असताना. प्रॉसी तिच्याकडे बघतही नाही मुद्दाम. तिला मुलं कळतात. आणि माझ्याकडेही बघत नाही, ते मुद्दाम आहे की काय ते मला माहीत नाही.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. दारात शुभ्रा आली, तो वेदांग आहे ना त्याची आई, पुण्याची. पहिला अर्ज तिचाच होता. वेदांगचा हात धरून उंबऱ्याबाहेर उभी. प्रॉसी खिडकीपाशी रंग मांडत होती, चार हातांवर. शुभ्राने तिच्यावरून नजर नेली आणि खाली बसलेल्या मला मराठीत हळूच विचारलं, "मॅम, तुम्ही इथे आहात म्हणून विचारते. आता सेफ आहे ना? पाठवू का याला?"

उत्तर माझ्या ओठावर होतं. हो गं, पाठव, मी आहे ना. पाठवलं असतं तिने. माझ्या शब्दावर एक मूल आलं असतं, उद्या आणखी दोन. मी सवयीने तोंड उघडलंसुद्धा. आणि मग लक्षात आलं की एप्रिलपासून या वर्गाबद्दल मला विचारलं गेलं, आभाला विचारलं गेलं, मॅडमना, तुला, ग्रुपवर तर सगळ्या गावाला. प्रॉसीला कुणी काही विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

मी म्हटलं, "मला नको विचारूस. टीचर त्या आहेत. त्यांना विचार."

शुभ्रा गोरीमोरी झाली. वाटलं, जाते आता. पण वेदांगने आत पाय टाकला होता, त्यामुळे तिला निघता येईना. ती वळली. प्रॉसीकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस. माझा मुलगा तुमच्या वर्गात येऊ शकेल का?"

प्रॉसीने हातातली निळ्या रंगाची बाटली खाली ठेवली. झाकण नीट लावलं. फडक्याने बोटं पुसली, एकेक. शुभ्रा दारात, मी जमिनीवर, ओवी माझ्या पदराला धरून, सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने घाई केली नाही.

आम्ही थांबलो.

उर्मिला